चढावरचं वादळ

"खाली बघू नका. माझ्याकडे बघा."

हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतसुद्धा तिच्या तोंडून न अडखळता बाहेर पडलं असतं. आजही रोलर कोस्टरची गाडी चढाच्या मध्यावर थांबली होती. आजही ती कडेच्या लोखंडी पायऱ्या चढून वर आली होती, एका हातात कठडा, दुसऱ्या हातात वाऱ्यावर उडणारी स्वतःचीच वेणी. गाडीतली माणसं आभाळाकडे तोंड करून उताणी पडल्यासारखी बसली होती. कुणी देवाचा धावा करत होतं, कुणी शेजारच्याला "तुलाच हौस फार!" म्हणून झापत होतं. शेवटच्या डब्यात मात्र एक तरुण एकटाच होता. डोळे गच्च मिटलेले, मान एका बाजूला कललेली.

घाबरलाय बिचारा, तिच्या मनात आलं. असे गप्प बसणारेच जास्त घाबरलेले असतात, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

"अहो... ऐकताय ना? डोळे उघडा. काही होत नाही. खाली बघू नका, माझ्याकडे बघा."

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं... आणि बघतच राहिला.

"मोठा श्वास घ्या."

"घेतला."

"आता सोडा."

"सोडू?... बरं."

"भीती वाटतेय का?"

"मघाशी वाटत नव्हती," तो म्हणाला. "आत्ता जराशी वाटायला लागलीय."

"छे, घाबरायचं काय त्यात! आमचा मेकॅनिक येतोच आहे. नवीन आहे म्हणे, आजच हजर झालाय. अजून काही त्याचं तोंड दिसलं नाही. बसला असेल कुठेतरी चहा ढोसत."

"चहा अजून मिळालेला नाही," तरुण अगदी नम्रपणे म्हणाला, आणि त्याने खिशातून एक भलामोठा स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढला.

तिचा हात वेणीवरून सुटला. वेणीने लगेच संधी साधून तिच्याच तोंडावर फटका मारला.

"तुम्ही?... मग डोळे मिटून काय बसला होतात?"

"साखळीचा आवाज ऐकत होतो. डोळे मिटले की नीट ऐकू येतं."

"मघाशीच सांगायचं होतं ना!"

"सांगणारच होतो. पण तुम्ही म्हणालात, माझ्याकडे बघा... मग राहूनच गेलं."

पुढच्या डब्यांतल्या मंडळींचा देवाचा धावा कधीच थांबला होता. सगळ्यांचे कान मागे. एक आजोबा तर मांडीवरच्या दांड्याखालून होता होईल तेवढे वळून बसले होते. तिचे कान तापले. वाऱ्याने असतील, असं तिने स्वतःला सांगितलं.

"मला सोडवा, म्हणजे मी मोटरकडे जातो," तो म्हणाला.

चढावर दांडे उघडायची किल्ली तिच्या कमरेला होती. तिने ती काढली आणि सरळ पहिल्या डब्याकडे निघाली.

"अहो!"

"नियम आहे. पुढून मागे सोडवत यायचं. तुमचा डबा शेवटचा," ती मागे न बघता म्हणाली. "तोवर ऐका आवाज."

त्या राइडचं नाव 'वादळ'. नाव ठेवणाऱ्याने फारच मनापासून ठेवलं होतं, पण गेल्या मोसमापासून हे वादळ दिवसाआड चढावर बसकण मारायचं. मग मोटर पुन्हा चालू होईना की माणसांना हाताला धरून पायऱ्यांनी खाली उतरवायचं, पैसे परत करायचे, आणि रांगेतल्या लोकांच्या शिव्या खायच्या. वर्कशॉपवाले म्हणायचे, गाडी भरणारा फलाट हळू आहे. फलाटवाले म्हणायचे, मोटर म्हातारी आहे. दोन्हीकडची माणसं कँटीनमध्येसुद्धा वेगवेगळ्या टेबलांवर बसायची.

फलाटाची प्रमुख ती. मागून सगळे तिला 'दोनदाबाई' म्हणत, कारण प्रत्येक माणसाच्या मांडीवरचा दांडा ती दोनदा तपासायची. एकदा जाताना, एकदा येताना. रांग ओरडो, गाडी सोडणाऱ्या केबिनमधले काका भोंगा वाजवोत, तिच्या चालीत फरक पडत नसे. आणि त्या नव्या मेकॅनिकला आठवड्याच्या आत 'डॉक्टर' हे नाव पडलं, कारण तो स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक मोटरवर टेकवायचा आणि मूठ कानाला लावून रोग्याची छाती तपासावी तसा ऐकत बसायचा.

तो आला त्याच आठवड्यात पार्कच्या मालकीणबाई फलाटावर आल्या. बाई कमी बोलायच्या, आणि जे बोलायच्या ते पुन्हा बोलायला लागू नये असं बोलायच्या.

"सुट्टीतला सगळ्यांत गर्दीचा रविवार येतोय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी स्वतः रांगेत उभी राहणार आहे. दिवसभरात गाडी एकदा जरी चढावर थांबली, तर सोमवारी कटर लावून वादळ मोडीत काढायचं. त्या जागी पाण्याची घसरगुंडी येईल. तुला तिकीट खिडकीवर घेऊ, काळजी करू नकोस. आणि हा मेकॅनिक आला त्या गावी परत जाईल."

ती रात्रभर तळमळली वगैरे नाही. ती तशी नव्हतीच. घरी जाऊन तिने जेवताना आईला सांगितलं.

"अगं मग चांगलंच आहे की!" आई म्हणाली. "पंख्याखाली खुर्चीत बसून काम. ऊन नाही, वारा नाही. मुलाकडच्यांनी विचारलं, मुलगी काय करते, तर धड सांगता तरी येईल."

"आताही येतं सांगता. मुलगी वादळ सोडते."

"हो, आणि मुलाकडचे पळ काढतात!"

"पळू देत. आई, ती राइड मोडीत जाणार नाही. मी जाऊ देणार नाही."

आईने तिच्या ताटात आणखी एक पळी भाजी वाढली. लेकीचा हा सूर तिच्या ओळखीचा होता. शाळेत असताना सायकल शिकायची म्हणून गुडघे फोडून घेतले तेव्हाही हाच सूर होता.

डॉक्टर मात्र रोज वादळात बसत होता. डोळे मिटून, शेवटच्या डब्यात. आणि एका दुपारी तो उतरला तो तडक तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"मोटरचा रोग सापडला."

"अरे वा! काय आहे?"

"तुम्ही."

तिने हातातली साखळी खाली ठेवली. रांग अडवायची साधी प्लॅस्टिकची साखळी, पण ठेवण्याचा आवाज असा आला की केबिनमधले काका खिडकीतून डोकावले.

"म्हणजे... ऐकून घ्या आधी," तो घाईने म्हणाला. "आपल्या दोन गाड्या. एक इथे फलाटावर भरते, तोवर दुसरी चढ चढत असते. वरची माथ्यावर पोचायच्या आत खालची सुटली पाहिजे. नाही सुटली, तर वरची उतरून येऊन हिच्यावर आदळू नये म्हणून साखळी आपोआप थांबते. बरोबर? आता भरल्या गाडीसकट मध्येच थांबलेली साखळी पुन्हा ओढायची म्हणजे मोटरचा जीव जातो. ती पहिल्यांदा बिघडत नाही. ती आधी थांबवली जाते, मग बिघडते. आणि थांबते का... तर फलाट वेळेत रिकामा होत नाही."

"म्हणजे सगळं माझ्यामुळे."

"मी असं नाही..."

"तुम्ही अगदी असंच म्हणालात. रोग सापडला – तुम्ही." ती वळली. "पुढचे लोक या! चला, आत या!"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पण डोळे काही तिने मिटून घेतले नव्हते. गाडी भरताना एक नजर ती चढाकडे ठेवू लागली... आणि जे दिसलं ते तिला मुळीच आवडलं नाही. तो खरं बोलत होता. प्रत्येक वेळी आधी फलाटावर उशीर, मग चढावर थांबा, मग मोटरची घरघर.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून वर्कशॉपच्या दारात जाऊन उभी राहिली. फलाटाची माणसं तिथे सहसा जात नसत. आतले सगळे कामं थांबवून बघायला लागले.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "फलाटच हळू आहे."

डॉक्टर दुरुस्तीला आलेल्या एका मोटरवर कान लावून बसला होता. तो इतक्या झटकन उठला की डोकं वरच्या पत्र्याला आपटलं.

"लागलं?" तिने विचारलं.

"नाही... म्हणजे हो. चालेल." डोकं चोळत तो हसला. "मग सोपं आहे. एकदाच तपासा. दुसऱ्या फेरीत जो वेळ जातो तेवढाच आपल्याला हवाय."

"ते होणार नाही."

"अहो, पण दांडा लागला की आवाज येतो, दिवा लागतो—"

"पहिल्यांदा मी दांडा बघते," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा माणूस बघते. कुणाला उतरायचं असतं पण मित्र हसतील म्हणून बोलत नाही. कुणी हातातला कॅमेरा पायाखाली लपवलेला असतो. ते तुमच्या दिव्याला दिसत नाही. दुसरी फेरी राहणार. वेळ दुसरीकडून काढायचा."

"कुठून?"

"ते तुम्ही आणि मी शोधणार. उद्यापासून सकाळी, पार्क उघडायच्या आधी."

तो तिच्याकडे बघत राहिला. "हे विचारताय की सांगताय?"

"सांगतेय."

"मग येतो," तो म्हणाला. "विचारलं असतं तरी आलोच असतो म्हणा."

सकाळी रिकामं पार्क फार सुंदर दिसे. झाडांना नुकतं पाणी घातलेलं, रंगीत दिवे विझलेले, ओल्या मातीचा आणि ग्रीसचा मिसळलेला वास. स्वयंपाकघरातल्या बायका, माळीकाका, तिकीट खिडकीवरच्या मुली, ज्याला ज्याला गोडीगुलाबीने आणता आलं त्याला तिने प्रवासी करून फलाटावर उभं केलं. माळीकाका झारी सोडायला तयार नव्हते. ते झारीसकट बसले.

"झारी मांडीवर चालणार नाही, काका!"

"मग ठेवू कुठं?"

ती एकदम थांबली. डॉक्टरही थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वेळ जात होता तो इथेच! लोक पिशव्या, टोप्या, चपला ठेवायला गाडी ओलांडून पलीकडच्या फळ्यांपाशी जायचे, मग परत येऊन "ही माझी जागा" म्हणून भांडायचे. फळ्या जर अलीकडे, फाटकाच्याही आधी असत्या तर? गाडी यायच्या आतच सगळे हात रिकामे.

"फळ्या हलवायला किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"तुम्ही असं बघत राहिलात तर दुप्पट."

"मी तुमच्याकडे बघत नाही. फळ्यांकडे बघतेय."

"फळ्या त्या बाजूला आहेत."

स्वयंपाकघरातल्या बायका फिसकन हसल्या. त्यांतली थोरली दुसरीच्या कानात काहीतरी म्हणाली, आणि त्या दोघी आणखीनच हसल्या. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

मग दुसरी युक्ती निघाली. घोळका आला की कुठे ना कुठे एक जागा रिकामी राहायची, आणि ती भरायला सगळ्या रांगेत माणूस शोधत फिरावं लागायचं. तिने एकट्या आलेल्यांची वेगळी छोटी रांग केली. जागा दिसली की तिथून एक उचलायचा आणि बसवायचा. फाटकापाशी जमिनीवर त्याने पिवळ्या रंगाने चौकोन आखले, म्हणजे गाडी यायच्या आधीच कोण कुठे ते ठरलेलं. आखताना पाऊस आला, अवेळी, भुरभुर. दोघं पत्र्याखाली उभे राहून ओला रंग वाहून जाताना बघत होते.

"पुन्हा काढावे लागणार," तो म्हणाला.

"काढू."

"तुम्ही कधी म्हणतच नाही का, जाऊ दे म्हणून?"

"कशाला म्हणू?" ती म्हणाली. "मला ही राइड हवीय. वरून गाडी सुटते ना, तेव्हा माणसं कशी ओरडतात... घरी, कामावर, कुठंच त्यांना एवढं मोकळं ओरडू देत नाहीत. मला तो आवाज आवडतो. तुम्हाला मोटरचा आवडतो तसा."

पावसाचे थेंब पत्र्यावर वाजत होते. त्याचा कोपर तिच्या कोपराला लागत होता, आणि दोघांपैकी कुणीच सरकत नव्हतं. पुरेशी जागा असूनही.

रविवारच्या आदल्या संध्याकाळी फळ्या, चौकोन, छोटी रांग, सगळं तयार होतं. हत्यारं आवरता आवरता तो म्हणाला, "उद्या राइड राहिली ना... तर मला तुम्हाला एक विचारायचंय."

तिने हातातला पाना तिथेच ठेवला. "आणि नाही राहिली तर?"

"मग नाही विचारणार. परत जाईन."

हे काही तिला पटलं नाही. घरी जाईपर्यंत पटलं नाही, उशीवर डोकं टेकवेपर्यंत पटलं नाही. राइडचा आणि प्रश्नाचा संबंध काय? पण रविवार तोंडावर होता, म्हणून तिने भांडण राखून ठेवलं.

रविवारी अशी गर्दी लोटली की फाटकाबाहेरचा रस्ता दिसेना. आणि वादळ धावलं! हात रिकामे, चौकोन भरलेले, गाडी आली की माणसं आत, दांडे खाली, ती एक फेरी, दुसरी फेरी, तिचा हात बटणावर, काकांचा हात केबिनमधल्या बटणावर. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय गाडी सुटत नसे. सकाळ गेली, दुपार गेली, एकदाही साखळी थांबली नाही. वर्कशॉपवाले कँटीनमधून फलाटवाल्यांसाठी स्वतःहून सरबत घेऊन आले. डॉक्टर मोटरच्या खोलीच्या दारातून तिच्याकडे बघून अंगठा दाखवायचा, आणि ती हसू दाबत पुढचे लोक बोलवायची.

दिवस उतरणीला लागला तेव्हा मालकीणबाई एकट्यांच्या रांगेतून आल्या आणि एका रिकाम्या जागेवर बसल्या. त्यांची गाडी चढाला लागली. दुसरी गाडी येऊन भरली. तिची पहिली फेरी झाली. दांडे लागलेले, दिवे लागलेले. दुसऱ्या फेरीत ती एका मुलीपाशी थबकली.

मुलगी हसत होती. पण बसली होती किंचित तिरकी. का?... तिने दांडा वर ओढून पाहिला. हलला नाही. मुलीच्या कमरेला जाकीट बांधलेलं होतं, आणि त्याची एक बाही दांड्याच्या खाचेत शिरली होती. दांडा लागला होता, पण बाहीवर. बाही निसटली असती, की मग दांडाही...

"सोड बाई, सोड!" केबिनमधून काका ओरडले. "वरची पोचतेय! बाई आहेत त्यात!"

काकांचा हात बटणावर होता. तिचं बटण दोन पावलांवर होतं. वर साखळी खडखडत होती आणि तिला नेमकं ठाऊक होतं आता काय होणार ते. तिची राइड, तिचा फलाट, मोटरच्या खोलीच्या दारात उभा असलेला तो... सगळं त्या दोन पावलांवर होतं.

"दांडे उघडा, काका," ती म्हणाली.

"अगं, पण—"

"उघडा म्हणते ना!"

दांडे उघडले. तिने मुलीचं जाकीट सोडून काढलं, दांडा पुन्हा बसवला. आणि वर साखळी थांबली. एकदम शांत झालं. मोटर एकदा घरघरली, दुसऱ्यांदा घरघरली... आणि गप्प झाली. रांगेतल्या कुणीतरी "गेली!" म्हटलं. तिला रडू येत होतं. तिने ते येऊ दिलं नाही. वर माणसं अडकली होती.

ती पायऱ्या चढून गेली. नियमाप्रमाणे पुढून मागे सोडवत आली. बाईंचे गुडघे दुखरे. त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन ती सगळ्यांत शेवटी, एकेक पायरी उतरत होती.

"मी वर आहे, हे तुला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"हो."

"थांबली तर काय, ते?"

"तेही."

"मग?"

"तिचा दांडा नीट बसला नव्हता, बाई."

खाली उतरल्यावर बाई फक्त "थोड्या वेळाने ऑफिसात या दोघं" म्हणाल्या आणि लंगडत निघून गेल्या.

ती तडक मोटरच्या खोलीत गेली. तो उघड्या मोटरपुढे गुडघ्यांवर बसला होता. जळक्या तारेचा वास भरून राहिला होता.

"विचारा," ती म्हणाली.

"काय?"

"राइड राहिली तर विचारणार होतात ते."

तो उठून उभा राहिला. "राहिली?"

"माहीत नाही. बाईंनी बोलावलंय. म्हणूनच आत्ता विचारा. त्या काही सांगायच्या आधी."

"अहो, पण आता कसं... उद्या इथे कटर लागला तर मी कुठे, तुम्ही कुठे. कुठल्या तोंडाने विचारू?"

"याच तोंडाने. गालाला ग्रीस लागलंय, तेवढं पुसा." ती एक पाऊल पुढे आली. "राइडचं काय ते बाई ठरवतील. माझं उत्तर बाईंच्या हातात नाही. ते माझं आहे. तुम्ही ते राइडला का बांधून ठेवलंत? मला राग आलाय त्याचा. काल संध्याकाळपासून आलाय!"

त्याने बाहीने गाल पुसला. ग्रीस होतं त्याहून जास्त पसरलं.

"माझ्याशी लग्न... करशील?"

मघापासून दाबून ठेवलेलं रडू नेमकं तेव्हा आलं. ती रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्हींचा तिला संताप येत होता.

"हो," ती म्हणाली. "आणि मी कशाला एवढी चिडतेय ते मला माहीत नाही, पण हो. कधीपासूनच हो."

त्याने तिचा हात हातात घेतला. त्याचा हात काळाकुट्ट होता. तिने तो अजिबात सोडला नाही.

ऑफिसात बाई गुडघ्यांना मलम चोळत बसल्या होत्या.

"गाडी थांबली," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिला होता."

"गाडी थांबली नाही. मी थांबवली," ती म्हणाली.

"मोटर जळली की नाही?"

"जळली," डॉक्टर म्हणाला. "आतली तार नव्याने गुंडाळून आणावी लागेल. पण दिवसभर ती एकदाही कण्हली नव्हती, बाई. मी ऐकत होतो. आणि या वेळी जरा जाड तारेने गुंडाळून आणतो, म्हणजे पुन्हा कधी गरज पडून थांबवावी लागली तरी ती जळणार नाही."

बाईंनी मलमाचं झाकण लावलं. "बरं. बघू."

"'बघू' नको," ती म्हणाली.

डॉक्टरने दचकून तिच्याकडे बघितलं. बाईंनीही.

"बघू म्हणजे नाही, असं असतं बाई. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर नाही म्हणा. मी ऐकून घेईन, आणि उद्या परत येऊन भांडेन. पण हो म्हणायचं असेल तर तारीख सांगा."

बाईंनी मलमाची डबी बाजूला ठेवली आणि विचारलं, "पाण्याच्या घसरगुंडीसाठी तू माझ्याशी अशी भांडली असतीस?"

"नसते."

"मग घसरगुंडी घेऊन मी काय करू?" बाई म्हणाल्या. "शाळा उघडायच्या आदल्या रविवारी वादळ चालू झालं पाहिजे. आता जा दोघंही. गुडघे ठणकतायत माझे."

बाहेर आल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग दोघं एकदमच हसायला लागले, उगाच, कारण नसताना, शाळेतली मुलं हसतात तसे.

"मोटर घेऊन मलाच जावं लागेल," हसू ओसरल्यावर तो म्हणाला. "गुंडाळणाऱ्याच्या शेजारी बसून राहिलो नाही तर तो महिना लावेल. उद्या सकाळीच निघतो."

"आणि परत?"

"बघू, काम किती—"

त्याने तिचा चेहरा बघितला आणि वाक्य तिथेच सोडलं.

"तारीख सांग," ती म्हणाली.

"येत्या रविवारी," तो म्हणाला. "मोटर झाली तर मोटरसकट, नाही तर एकटा. स्टँडवरून सरळ तुझ्या घरी. आईंना सांगून ठेव."

"नक्की?"

"नक्की."

वादळाच्या फाटकाशी लोक अजून रेंगाळत होते. पैसे परत मिळाले होते तरी त्यांना निघवत नव्हतं. ती दिसताच त्यांनी तिला घेरलं. ताई, आज होणार नाही का? कधी होणार? होणार तरी का?

"आज बंद," ती म्हणाली. "शाळा उघडायच्या आदल्या रविवारी या. चालू असेल."

"नक्की ना?" एका मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"नक्की," ती म्हणाली, आणि दुसरा एक रविवार तिने कुणालाच सांगितला नाही. घरी जाऊन आधी तो आईला सांगायचा होता.